बाबांचा रिपोर्ट, आत्याचा रिपोर्ट आणि मधे अडकलेली तू

पत्र थोडक्यात असं आहे. "ताई, मी २८ वर्षांची, धायरीला राहते, आयटीत आहे. बाबा ५६ चे. कितीतरी वर्षं त्यांची मूठ पटकन सुटत नाही, ४६ व्या वर्षीच मोतीबिंदू झाला, आता न्यूरॉलॉजिस्टनी मायोटॉनिक डिस्ट्रॉफी टाइप १ सांगितलंय, ब्लड टेस्टही तीच आली. त्याच महिन्यात आत्याचा लंग कॅन्सरचा रिपोर्ट आला, त्यात मेट एक्झॉन १४ स्किपिंग आणि खाली स्प्लाइस साइट म्युटेशन असं लिहिलंय. बाबांच्या आजाराबद्दल वाचायला गेले तर तिथेही स्प्लायसिंगच! म्हणजे आमच्या घराण्यातच स्प्लायसिंग बिघडलंय का? मला हे दोन्ही होणार का? माझं लग्न जवळजवळ ठरत आलंय, आई म्हणते कुणाला अवाक्षर सांगू नकोस. काका म्हणतात ते सोळा कोटींचं इंजेक्शन बाबांना चालेल का विचार. आणि सोसायटीतल्या एक काकू डीएनए रिपेअर पावडरचा डबा देऊन गेल्यात. काय करू?"

अगं, आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. नाही, हे दोन्ही एक नाही. बाबांचा आजार, म्हणजे आवळलेले स्नायू पटकन सैल न होण्याचा आणि हळूहळू कमजोर होत जाण्याचा, तो घराण्यातून येतो, तो तुझ्यात असण्याची शक्यता आहे आणि त्याबद्दल बोलूच. आत्याचा कॅन्सर त्यातून आलेला नाही आणि त्या रिपोर्टातली ती ओळ तुझ्याकडे चालत येणार नाही. दोन्ही रिपोर्टात एक शब्द सारखा आला म्हणून तू दोन आजारांची गाठ मारलीस. यात तुझी चूक नाही, मी अठरा वर्षं असे रिपोर्ट तयार करणाऱ्या लॅबमधे काढली आहेत आणि आता तेच रिपोर्ट हातात धरून येणाऱ्या लोकांशी बोलायचं काम करते, आणि शपथेवर सांगते की ते रिपोर्ट माणसांनी वाचावेत अशा भाषेत लिहिलेलेच नसतात.

आता हे स्प्लायसिंग काय प्रकरण आहे ते बघू. आपण शाळेत शिकलो की जीन म्हणजे एका प्रोटीनची रेसिपी, एक जीन एक प्रोटीन, विषय संपला. ते तसं नाही हे १९७७ मधेच कळलं, फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की जीनमधला मजकूर सलग नसतोच, कामाचे तुकडे असतात आणि मधे लांबच लांब फापटपसारा असतो. कामाचे तुकडे म्हणजे एक्झॉन, फापटपसारा म्हणजे इंट्रॉन. दोघांना १९९३ चं नोबेल मिळालं, आणि तरी आमच्या वेळच्या गाइडात "एक जीन एक प्रोटीन" तसंच छापलेलं होतं, असो. तर पेशी आधी जीनची अख्खी कच्ची कॉपी काढते, ती आरएनए, मग तिच्यातला फापटपसारा कापून टाकते आणि एक्झॉन एकमेकांना जोडते. हे कापणं आणि जोडणं म्हणजे स्प्लायसिंग. शिंप्याकडे ताग्यावर खडूच्या खुणा असतात ना, कुठून कापायचं कुठे जोडायचं, तसंच.

आणि खरी गंमत पुढे आहे. शिंपी दर वेळी सगळे तुकडे वापरतोच असं नाही. त्याच कापडातून एकदा फुल बाहीचा शर्ट, एकदा हाफ. मेंदूतली पेशी एक तुकडा ठेवेल, यकृतातली तोच वगळेल. याला म्हणतात अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग. आपल्याकडे प्रोटीन बनवणारे जीन जेमतेम वीस हजार, पण ज्या जीनमधे एकाहून जास्त एक्झॉन आहेत त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त हा खेळ खेळतात. फळांवर घोंगावणारी ती बारकी माशी असते ना, केळी पिकली की येते ती, तिच्या डीस्कॅम नावाच्या एकट्या जीनपासून ३८,०१६ प्रकार बनू शकतात! त्यामुळे "घराण्यात स्प्लायसिंग आहे का" याचं उत्तर हो असंच आहे, तुझ्या घराण्यात, माझ्या घराण्यात, त्या पावडरवाल्या काकूंच्या घराण्यात सगळीकडे आहे, नसतं तर आपण कुणीच नसतो.

एक तुकडा गळला तर काय होतं? बाबांनी आईला मेसेज केला, "आम्ही पाच जण जेवायला येणार नाही." पाठवताना शेवटचा शब्द गळला. आईने पाच जणांचा स्वयंपाक करून ठेवला. जीनमधेही अगदी असंच होतं. बीसीएल-एक्स नावाचा एक जीन आहे, त्याचा लांब प्रकार पेशीला सांगतो जगत राहा, आणि कापायची जागा बदलून जो आखूड प्रकार बनतो तो सांगतो आता मर. एकाच जीनची दोन उलट वाक्यं. कॅन्सरच्या बऱ्याच गाठींमधे पहिलं वाक्य जोरात चालू असतं, ते का हे वेगळं सांगायला नको.

आता बाबा.

त्यांच्या १९ नंबरच्या क्रोमोसोमवर डीएमपीके नावाचा जीन आहे, त्याच्या शेपटाकडे सीटीजी ही तीन अक्षरं परत परत येतात. तुझ्या-माझ्यासारख्यांत ती पाच ते चौतीस वेळा असतात, पन्नासच्या पुढे गेली की आजार, आणि काही लोकांत हजाराच्याही वर जातात. (तुझ्या-माझ्यासारख्यांत म्हटलं खरं, पण तुझं अजून माहीत नाही, ते खाली.) १९९२ मधे हे सापडलं तेव्हा लोक चक्रावले, कारण हा भाग प्रोटीनच्या मजकुरात येतच नाही, मग बिघडतं काय? तर बिघडतं हे, की त्या जीनची कच्ची आरएनए कॉपी निघाली की तिची ती लांब शेपटी स्वतःवरच दुमडून पेशीच्या केंद्रकात गुंता करून बसते, आणि मसलब्लाइंड नावाची प्रोटीन्स, जी स्नायूंमधे मुख्य शिंप्याचं काम करतात, ती त्या गुंत्याला जाऊन चिकटतात. मायक्रोस्कोपखाली खास रंग लावून बघितलं की केंद्रकात चमकणारे ठिपके दिसतात. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा खरं सांगायचं तर सुंदर वाटले होते, आणि मग लक्षात आलं की हे कुणाच्यातरी मांडीच्या स्नायूतले आहेत.

म्हणजे बाबांचा शिंपी आजारी नाही, त्याची कात्रीही बोथट नाही, त्याला एका दुकानात कोंडून ठेवलंय एवढंच. पण बाकीची सगळी दुकानं त्याच्याविना चालली आहेत आणि म्हणून एकाच आजारात इतक्या वेगवेगळ्या तक्रारी दिसतात. स्नायूत क्लोराइडची वाट बनवणारा एक जीन आहे, त्यात नको असलेला तुकडा राहून जातो, वाट बनत नाही, स्नायू आवळला की सैल व्हायला वेळ घेतो. ती बाबांची मूठ. तू लिहिलंयस ना की एका लग्नात नवरदेवाशी हात मिळवला आणि सोडेचनात आणि सगळे हसले, ते हेच. आणि मूठ चार-पाच वेळा उघडझाप केली की सुटायला लागते, बघ करायला सांगून, याला वॉर्म-अप म्हणतात. इन्सुलिन रिसेप्टरच्या जीनमधला ११ नंबरचा तुकडा वगळला जातो, म्हणून शुगर बिघडू शकते. हृदयातल्या एका सोडियम चॅनेलचंही असंच, म्हणून ठोक्यांचा विजेचा मार्ग अडतो. आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे हे जे चुकीचे प्रकार बनतात ते काही अगदीच नवे नसतात, ते पोटातल्या बाळाच्या वेळचे असतात. जन्मानंतर मसलब्लाइंड कामाला लागतो आणि स्नायू मोठ्या माणसाच्या आवृत्तीवर येतात. बाबांचे छप्पन वर्षांचे स्नायू काही जीन्सच्या बाबतीत परत बाळाची आवृत्ती छापतायत.

त्यामुळे बाबांसाठी करायच्या गोष्टी मुठीच्या नाहीत, त्या मी आधी सांगते कारण घरात सगळं लक्ष मुठीवर आहे. ईसीजी. दर वर्षी, काही होत नसलं तरी, आणि डॉक्टर म्हणाले तर चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टरही. चक्कर आली, डोळ्यापुढे अंधारी आली तर "अॅसिडिटी असेल" म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं. शुगर बघायची. दिवसा फार झोप येते का, झोपेत श्वास अडकतो का ते विचारायचं, आई सांगेल, बाबा नाही सांगणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भूल. या आजारात भुलेची आणि गुंगीची काही औषधं नेहमीच्या डोसलाही श्वास दाबतात, आणि सक्सिनिलकोलिन नावाचं एक औषध दिलं की अंग सैल पडायच्या ऐवजी ताठरतं. साधा हर्निया असो की दाताचं मोठं काम, भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी माहीत असलं पाहिजे. मूठ फारच त्रास देत असेल तर मेक्झिलेटिन नावाची गोळी देतात, पण ती हृदय तपासूनच, मनाने नाही.

आता आत्या. मेट हा जीन पेशीच्या बाहेरच्या बाजूला एक अँटेना बनवतो, वाढ असा सिग्नल घेणारा. काम झालं की त्या अँटेनाला भंगारात काढायची चिठ्ठी लागते आणि ती चिठ्ठी चिकटवायची जागा नेमकी १४ नंबरच्या एक्झॉनमधे आहे. आत्याच्या गाठीत काय झालं, तर त्या एक्झॉनच्या कडेची खडूची खूण, म्हणजे रिपोर्टातली ती स्प्लाइस साइट, पुसली गेली, शिंप्याला तो तुकडा दिसलाच नाही, त्याने १३ ला डायरेक्ट १५ जोडला. अँटेना तयार, भंगाराची चिठ्ठी लागायला जागाच नाही, मग सिग्नल चालू तो चालूच. फुप्फुसाच्या कॅन्सरमधे शंभरातल्या तीन-चार जणांत हे सापडतं, वय जास्त असलेल्यांत थोडं जास्त. आणि ही पुसलेली खूण फक्त त्या गाठीत आहे. आत्याच्या रक्तात नाही, तिच्या मुलांत नाही, तुझ्या बाबांत नाही, तुझ्यात नाही. आयुष्यात कधीतरी फुप्फुसातल्या एका पेशीत झालेला तो बदल आहे.

वाईटात बरं म्हणजे यावर नेम धरलेल्या गोळ्या आहेत, कॅपमॅटिनिबला अमेरिकेत २०२० मधे मान्यता मिळाली, टेपोटिनिबला २०२१ मधे. तू लिहिलंयस की आत्याला गोळी सुरू झालीय आणि पाय सुजलेत, तर हा या गोळ्यांचा नेहमीचा साइड इफेक्ट आहे, घाबरायचं नाही पण ऑन्कॉलॉजिस्टला सांगायचं, डोस कमी करतात किंवा थोडे दिवस थांबवतात. मनाने बंद करायची नाही. खोकला किंवा दम अचानक वाढला तर मात्र लगेच फोन.

कॅन्सरमधे स्प्लायसिंगचे आणखी बरेच उद्योग आहेत. प्रोस्टेट कॅन्सरमधे हॉर्मोन रिसेप्टरचा एआर-व्ही७ नावाचा आखूड प्रकार बनतो, औषध जिथे बसतं तो भागच त्यात नसतो, त्यामुळे हॉर्मोनच्या गोळ्यांना तो दाद देत नाही. रक्ताच्या एमडीएस नावाच्या आजारात तर एसएफ३बी१ सारख्या जीनमधे, म्हणजे थेट शिंप्याच्या कात्रीतच बिघाड असतो, हे २०११ मधे कळलं. म्हणजे बघ, कुठे खूण पुसली, कुठे कात्री मोडली आणि कुठे शिंपी कोंडला गेला, आणि रिपोर्टात मात्र सगळीकडे स्प्लायसिंग एवढंच. यापुढे कुठलाही जेनेटिक रिपोर्ट हातात आला की आधी हे बघ की सँपल कशाचं होतं, गाठीचं की रक्ताचं. गाठीचं असेल तर बहुतेक वेळा तो त्या गाठीचा हिशोब असतो, घराण्याचा नाही. त्यातही काहीतरी घराण्यातलं सापडलंय अशी शंका असेल तर डॉक्टर वेगळं रक्त मागतात.

एक गोष्ट लपवत नाही. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या लोकांत काही कॅन्सर थोडे जास्त दिसतात, स्वीडन आणि डेन्मार्कच्या रजिस्टरवरून २०११ मधे हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं, गर्भाशयाचं अस्तर, मेंदू, अंडाशय आणि मोठं आतडं हे त्यात ठळक होते, एकूण धोका साधारण दुप्पट. फुप्फुस त्या यादीत नव्हतं. म्हणून बाबांना शौचातून रक्त वगैरे काही दिसलं तर मूळव्याध म्हणून सोडून द्यायचं नाही, यापलीकडे दर महिन्याला स्कॅन काढत बसायची गरज नाही. आणि दुसरं, आत्या बाबांची सख्खी बहीण आहे. हा आजार त्यांच्या आईवडिलांपैकी एकाकडून आला असणार, म्हणजे आत्यातही तो असू शकतो, कॅन्सरशी संबंध नसलेला, वेगळा. तिच्या ऑन्कॉलॉजिस्टच्या कानावर "भावाला मायोटॉनिक डिस्ट्रॉफी आहे" हे एक वाक्य घाला, उद्या तिला भूल द्यायची वेळ आली तर ते वाक्य लाखमोलाचं आहे.

सोळा कोटींचं इंजेक्शन, काकांना सांग, एसएमएचं आहे, लहान बाळांना होणाऱ्या वेगळ्या आजाराचं, त्यात नसलेला जीन बाहेरून दिला जातो. गंमत अशी की एसएमएमधे स्प्लायसिंग सुधारणारी औषधंही आहेत. एसएमएन२ नावाचा राखीव जीन असतो, त्यातला ७ नंबरचा एक्झॉन बहुतेक वेळा गळतो, तो परत बसवायला लावणारं नुसिनर्सेन २०१६ मधे आणि तोंडाने घ्यायचं रिसडिप्लाम २०२० मधे आलं. यातलं काहीही बाबांना चालणार नाही, ते गळलेला तुकडा बसवायला आहे आणि बाबांचा प्रॉब्लेम कोंडलेल्या शिंप्याचा आहे. तो गुंताच मोडायचा अशा औषधांच्या ट्रायल्स चालू आहेत, न्यूरॉलॉजिस्टला विचारत राहा, आणि "ट्रायल" म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून या, खऱ्या ट्रायलमधे औषधाचे पैसे घेत नाहीत.

पावडर. डबा परत दे. काकूंना वाईट वाटेल, वाटू दे. डीएनए रिपेअर करणारी पावडर निघाली असती तर आमच्या लॅबला टाळं लागलं असतं. आणि आत्याला तर चुकूनही देऊ नका, कॅन्सरच्या गोळ्यांबरोबर काय मिसळतंय हे माहीत नसताना तर नाहीच.

आता तू. बाबांना आहे म्हणजे तुझ्यात येण्याची शक्यता पन्नास टक्के, मुलगा असो की मुलगी. नाणं तू जन्मायच्या आधीच पडलंय, फक्त हात उघडून बघितलेला नाही. दुसरी गोष्ट, ही सीटीजीची संख्या पिढी बदलताना वाढण्याकडे कल असतो, त्यामुळे पुढच्या पिढीत आजार लवकर आणि जास्त जोरात दिसू शकतो. आणि जन्मतःच दिसणारा सगळ्यात गंभीर प्रकार बहुतेक वेळा आईकडून येतो. हे वाचून पोटात गोळा आला असेल, पण लग्न आणि मूल हा विषय तुझ्यापुढे आत्ता आहे म्हणून हे आत्ताच सांगणं भाग आहे. याची दुसरी बाजूही आहे, माहीत असेल तर गरोदरपणात तपासता येतं, किंवा आयव्हीएफ करून आधीच तपासलेला गर्भ ठेवता येतो. माहीत नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.

टेस्ट कर असं मी म्हणत नाही, कारण न जाणण्याचा हक्क तुलाही आहे. पण आधी जेनेटिक काउन्सेलरकडे एक तास बस, एकटी नाही, मैत्रिणीला घेऊन जा, मग ठरव. करायची ठरवलीस तर डीएमपीकेची रिपीट टेस्ट असं नाव घेऊन माग. नुसतं "सगळे जीन तपासा" म्हणून एक्झोम केलंस तर पैसे जातील आणि ही लांब शेपटी त्यात सहसा दिसतच नाही. माझ्या समोर एक मुलगा असा "निगेटिव्ह" रिपोर्ट घेऊन बसला होता आणि नमस्कार करून उठताना दाराची मूठ सोडायला त्याला चार सेकंद लागले. इन्शुरन्स घ्यायचा असेल तर त्याचाही विचार टेस्टच्या आधी कर, पण फॉर्मवर घरचा आजार विचारला असेल तर खोटं लिहू नकोस, क्लेमच्या वेळी तेच उलटतं.

आणि आई. आईवर चिडू नकोस, तिला तुझं स्थळ मोडायची भीती वाटतेय आणि आपल्याकडे स्थळं यापेक्षा फालतू कारणांवरून मोडतात हे तिने बघितलंय. पण मी तिच्या बाजूने नाही. साखरपुड्याआधी मुलाला सांग, त्याच्या आईवडिलांना नाही, त्याला, दोघंच असताना, आणि तू स्वतः काउन्सेलरकडे जाऊन आल्यावर, म्हणजे त्याने प्रश्न विचारला तर तुझ्याकडे उत्तर असेल. बाबांचा मोतीबिंदू, मूठ, पुढे चालण्यातला फरक, हे लग्नानंतर वर्षभरात त्याला दिसणारच आहे. तेव्हा "तुला माहीत होतं?" असं त्याने विचारलं तर तू काय सांगणार, याचा विचार आईला पण करायला लाव. तो नाही म्हणाला तर रडू येईल, ये, मला परत लिही.

हे सगळं हळूहळू होईल, घाई नाही. या आठवड्यात फक्त दोन कामं कर, बाबांचा ईसीजी आणि एक छोटं कार्ड. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिही: "मला मायोटॉनिक डिस्ट्रॉफी टाइप १ आहे. भूल किंवा गुंगीचं औषध देण्याआधी हे वाचा. सक्सिनिलकोलिन देऊ नका. हृदयाचे ठोके तपासा." खाली तुझा आणि न्यूरॉलॉजिस्टचा नंबर. अप्पा बळवंत चौकात लॅमिनेट करून घे, दोन कॉप्या, एक बाबांच्या पाकिटात लायसन्सच्या मागे आणि एक गाडीच्या डिकीत, कारण बाबा पाकीट घरी विसरतात असं तूच लिहिलंयस.